भिंतीवर लावलेलं वाचणार कोण?

चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) सुट्टीनंतर आलेल्या पत्रांत या वेळी एकच विषय पुन्हा पुन्हा दिसला. प्राथमिक वर्गातल्या मुलांनी स्वतःच्या मनाने लिहावं आणि लिहिलेलं एकमेकांना दाखवावं, यासाठी काय करता येईल? एरवी या पानांवर मी तीन-चार वेगवेगळे विषय घेते. यंदा सगळी जागा याच विषयाला दिली आहे, कारण ३३ वर्षं पहिली ते चौथीच्या वर्गात काढल्यावर मला सगळ्यात जिव्हाळ्याचं हेच वाटतं. माझी बहुतेक नोकरी गोव्यातल्या डिचोली आणि सत्तरीत झाली, शेवटची काही वर्षं पेडण्यात. पत्रं थोडक्यात दिली आहेत, नावं कुणाचीच दिलेली नाहीत.

प्रश्न : सत्तरी तालुक्यातल्या एका सरकारी प्राथमिक शाळेत मी एकटीच शिक्षिका आहे. पहिली ते चौथी मिळून १७ मुलं. बोलायला लागली की थांबत नाहीत, पण वही उघडली की एकच पालुपद, ‘बाई, कितें बरोवं?’ (घरच्या कोंकणीत ‘काय लिहू?’) ‘माझा आवडता सण’ हा विषय दिला तर सगळ्या वह्यांत एकच निबंध येतो: ‘गणेश चतुर्थी हा माझा आवडता सण आहे. हा सण भाद्रपद महिन्यात येतो.’ एखाद्याने स्वतःचं काही लिहिलं तर ते दुसऱ्यांना दाखवायला लाजतो, वहीवर हात ठेवून बसतो. काय करू?

उत्तर : ते भाद्रपदाचं वाक्य मी शेकडो वह्यांत वाचलं आहे आणि सुरुवातीच्या काळात त्याखाली ‘उत्तम’ असा शेराही दिला आहे. पुढे कधीतरी मनात आलं, हे मूल ही गोष्ट सांगतंय कुणाला? चवथ भाद्रपदात येते हे मला ठाऊक आहे, त्याच्या शेजाऱ्याला ठाऊक आहे, अख्ख्या वाड्याला ठाऊक आहे. ज्याला सगळं आधीच माहीत, त्याला काय सांगणार? म्हणून मूल गाईडातलं सांगतं. त्याच्या लेखी निबंध ही बाईंना द्यायची वस्तू. बाई तपासतात, सही करतात, वह्यांचा गठ्ठा कपाटात जातो. तपासलं सगळं, वाचलं कुणीच नाही. मुलांना हा फरक पहिलीपासून कळतो.

तेव्हा विषयांची यादी बदलण्याआधी वाचणारा शोधा. आणि पहिला वाचणारा तुम्ही व्हा, ज्याला खरोखरच काही माहीत नाही असा.

माझ्या वर्गात तिसरीत एक मुलगा होता. तीन ओळींच्या पुढे त्याची वही कधी गेली नाही. एका वर्षी चवथीच्या आधी मी फळ्यावर लिहिलं, ‘तुमच्या घरी माटोळीला काय काय बांधतात ते मला माहीत नाही. मला सांगा.’ (माटोळी म्हणजे चवथीला गणपतीच्या वर टांगायची, फळं-पानं बांधलेली चौकट.) आणि ते खरंच होतं. आमच्या घरी माटोळीचं सामान बाजारातून यायचं, रानातलं मला निम्मंही ओळखता येत नव्हतं. हा मुलगा आजोबांबरोबर रानात जायचा. सोमवारी त्याने पाठीमागून कोरा असलेला कॅलेंडरचा कागद आणला, त्यावर ११ नावं. माट्टी, कवंडळ, कांगलां, आंबाडे, घागऱ्यो... आणि प्रत्येकापुढे, मी मागितलेलंही नव्हतं ते: ‘कवंडळ वईवर चढते. तांबडे झाले की काढायचे.’ ‘कांगलां आजो कोयत्याने कापतो, मी खाली झेलतो.’ माट्टी हा गोव्याचा राज्यवृक्ष हे मी त्याच वर्गाला शिकवलं होतं. पण तिची फळं उतरवताना देठ किती ठेवायचा हे मला त्या कागदावरून कळलं.

तो कागद मी तपासला नाही. वर्गात दोरी बांधली होती, तिला कपड्यांच्या चिमट्याने लावला. मधल्या सुट्टीत चार पोरं त्याच्यासमोर उभी. एका मुलीने विचारलं, ‘घागऱ्यो कशा असतात? आमच्या घरी नसतात.’ तो तोंडाने सांगायला लागला, मी म्हटलं, तिने लिहून विचारू दे, तू लिहून सांग. कागदाच्या खाली थोडी जागा उरली होती. तिथे तिने प्रश्न लिहिला, त्याखाली त्याने उत्तर, आणि शेजारी चित्र. हा मुलगा तीन ओळींच्या पुढे जात नव्हता!

त्या दिवसापासून माझ्या वर्गात एक नियम कायम राहिला. भिंतीवर लावायच्या प्रत्येक कागदाखाली चार बोटं जागा कोरी सोडायची. वाचणाऱ्याने तिथे एक प्रश्न लिहायचा आणि आपलं नाव घालायचं. ‘छान’, ‘सुंदर’, ‘मस्त’ लिहायचं नाही. ‘छान’ला काही उत्तर देता येत नाही. ‘मग कुत्र्याला कुठे नेला?’ याला उत्तर देता येतं, आणि त्या उत्तरातच मुलाचा दुसरा परिच्छेद तयार होतो. निबंधात ‘विस्तार करा’ म्हणून आपण घसा कोरडा करतो. मित्राने विचारलेला एक प्रश्न ते काम आपोआप करून घेतो.

लाजणाऱ्या मुलांबद्दल सांगते. मोठ्याने वाचून दाखवायची सक्ती करू नका. वर्गासमोर उभं राहणं हे वेगळं धाडस आहे आणि लिहिण्याशी त्याचा संबंध नाही. दोरीवर लावलेला कागद मुलाच्या वतीने तिथे उभा राहतो, मूल लांबून बघत राहतं, कोण थांबलं, कोण हसलं. माझ्याकडची एक मुलगी तर कागद लावून पाणी प्यायला जायची आणि दाराआडून बघायची. चौथीत गेल्यावर तीच सगळ्यांचे कागद मोठ्याने वाचून दाखवायची. मी तिला एकदाही सांगितलं नव्हतं.

तुम्ही एकट्या आणि वर्ग चार, हे ओझं आहे हे मी जाणते. मी स्वतः अशा शाळेत सहा वर्षं होते. पण या एका बाबतीत चार वर्ग एका खोलीत असणं फायद्याचं पडतं. चौथीच्या मुलाला चौथीच्या मुलासाठी लिहायला सांगितलं तर तो भाव खातो किंवा घाबरतो. पहिलीच्या पोरांना वाचून दाखवायचं आहे म्हटलं की तोच मुलगा सोपं, नीट आणि अक्षर मोठं काढून लिहितो. आठवड्यातून दोन दिवस, प्रार्थनेनंतर २० मिनिटं पुरे. सगळ्यांनी एकाच दिवशी लिहिलं पाहिजे असंही नाही. ज्याच्याकडे सांगण्यासारखं आहे तो लिहील, बाकीचे त्या दिवशी वाचतील आणि प्रश्न लिहितील. प्रश्न लिहिणं हेही लिहिणंच आहे.

आणि तुमचाही कागद दोरीवर हवा. मी लिहायची. ‘आज माझी बस चुकली. पायलटाच्या मागे बसून आले. वाटेत पाऊस लागला, पायलटाकडे रेनकोट होता, माझ्याकडे नव्हता.’ (पायलट म्हणजे आपल्याकडचा भाड्याने मोटरसायकलवरून नेणारा.) त्याखाली नऊ प्रश्न आले होते. ‘बाई, पायलटाने किती घेतले?’ ‘बाई, तुम्ही भिजलात तर साडी कुठे सुकवली?’ बाईही रोजचंच साधं लिहितात हे दिसलं की ‘कितें बरोवं’ कमी होतं. सांगण्यासारखी गोष्ट म्हणजे काही मोठी घडलेली गोष्ट लागते, असं मुलांना वाटत असतं. तो समज आपल्या कागदानेच जातो.

साहित्याचं बघू. खळ लावून कागद चिकटवू नका, खळीला झुरळं लागतात. दोरी आणि चिमटे बरे. दोरी पहिलीतल्या मुलाच्या नजरेच्या उंचीवर बांधा, आपल्या नाही. आपल्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. त्या दिवसांत बाहेरच्या पडवीत लावलेला कागद दोन दिवसांत सादळतो आणि शाई पसरते. म्हणून पावसाळ्यात दोरी वर्गाच्या आत, खिडकीपासून दूर, आणि लिहायला पेन्सिल. पेन्सिल पसरत नाही. महिन्याचे कागद सुई-दोऱ्याने शिवून ठेवले की वर्षाअखेर हस्तलिखित तयार. माझ्या वर्गातलं सगळ्यात फाटलेलं पुस्तक हेच असायचं, कारण पुढच्या वर्षीची मुलं त्यात आपल्या भावा-बहिणींची पानं शोधायची.

यात नवीन काही नाही. साने गुरुजी अमळनेरला प्रताप हायस्कूलच्या छात्रालयात होते तेव्हा मुलांसाठी हाताने लिहिलेलं ‘छात्रालय दैनिक’ काढायचे. छापखाना नाही, पैसा नाही, पण सकाळी उठल्यावर मुलांना वाचायला काहीतरी असायचं आणि ते त्यांच्याच आयुष्यातलं असायचं. त्याच सुमाराला फ्रान्समध्ये सेलेस्तँ फ्रेने नावाचा एक प्राथमिक शिक्षक होता. पहिल्या महायुद्धात त्याच्या फुप्फुसाला गोळी लागली होती, त्यामुळे वर्गात फार वेळ मोठ्याने बोलणं त्याला झेपत नसे. १९२४ च्या सुमाराला त्याने बार-सुर-लू या डोंगरातल्या गावी वर्गात एक छोटं छपाईयंत्र आणलं. मुलं गावात फिरून यायची, पाहिलेलं लिहायची, सगळ्यांनी मिळून एक लेख निवडायचा आणि त्याचे खिळे स्वतःच जुळवायचे. ते छापलेले कागद दूर समुद्रकाठच्या ब्रिटनीतल्या एका शाळेला जायचे आणि तिथल्या मुलांचे कागद इकडे यायचे. डोंगरातल्या मुलांना ब्रिटनीचा समुद्रकाठ माहीत नाही, तिथल्या मुलांना हा डोंगर माहीत नाही. लिहिण्याला याहून चांगलं कारण कुठलं?

फ्रेनेची ही गोष्ट वाचली तेव्हा मी सत्तरीत होते आणि माझी एक मैत्रीण मोरजीला शिकवत होती. आम्ही पोस्टकार्डं सुरू केली. कार्ड ५० पैशांचं. आमच्या मुलांनी लिहिलं की रात्री काजूच्या बागेत गवे आले, कुंपण मोडलं, सकाळी शेणाचे पो एवढे मोठे. मोरजीच्या मुलांनी कासवांचं लिहिलं: कासवीण रात्री वाळूत येते, शंभराच्या आसपास अंडी घालते, खड्डा बुजवते आणि परत दर्यात जाते, मग वनखात्याची माणसं तिथे जाळी लावतात. आमच्या चौथीतल्या एका मुलीने परतीच्या कार्डावर एवढंच विचारलं, ‘ती परत बघायला येत नाही?’ दहा दिवसांनी उत्तर आलं. ‘नाही येत. दीड-दोन महिन्यांनी पिल्लं आपणच बाहेर येतात आणि आपणच दर्यात जातात. आम्ही बघायला जातो.’ ते कार्ड आमच्या दोरीवर वर्षभर होतं. उन्हाने अक्षरं फिकी झाली तेव्हा मुलांनी त्यावर पेन्सिल फिरवून ती पुन्हा ठळक केली.

तुमच्या १७ मुलांसाठी किनाऱ्यावरची एखादी अशीच लहान शाळा शोधा. ओळखीची शिक्षिका असेल तर उत्तमच.

प्रश्न : मी पेडणे तालुक्यात दुसरीला शिकवतो. मुलांना लिहायला उत्साह आहे, पण ‘पोदेर येता’ (पाववाला येतो), ‘आमी देवळात गेलों’ असं सर्रास लिहितात. ऱ्हस्व-दीर्घाचं तर विचारूच नका. हे तसंच भिंतीवर लावावं की सुधारून? मराठी शाळेच्या भिंतीवर हे काय लावलंय, असं एका पालकाने मला सर्वांसमोर विचारलं.

उत्तर : त्या पालकांचा राग मी समजू शकते. मूल मराठी नीट शिकावं म्हणूनच त्यांनी ते मराठी शाळेत घातलं आहे. पण आधी तुमच्या ‘पोदेर येता’कडे बघू.

माझ्याकडे दुसरीतल्या एका मुलीने लिहिलं होतं: ‘पोदेर येता. भोंपू वाजता. आजी उटता.’ तीन वाक्यं, सहाच शब्द. पण वाचताना सकाळ दिसते की नाही? क्रमही बघा, आधी माणूस, मग आवाज, मग त्या आवाजाने उठलेली आजी. मी सुरुवातीलाच लाल पेन काढलं असतं तर पुढच्या वेळी तिने ‘मी सकाळी लवकर उठते, दात घासते’ असं सुरक्षित लिहिलं असतं आणि पोदेर कायमचा निघून गेला असता. मी त्या चार बोटांच्या जागेत विचारलं, ‘आजी उंडे घेते की काकणां?’ (दोन्ही पोदेराकडचे पावाचे प्रकार.) दुसऱ्या दिवशी पाच ओळी आल्या. आजीला दात नाहीत म्हणून ती काकण चहात बुडवते, आणि चहात पडलेला तुकडा चमच्याने काढायचं काम या मुलीचं.

हे झाल्यावर मग भाषा. नामांना हात लावायचा नाही. पोदेर, उंडो, काकण, माटोळी, बलकांव, मानकुराद हे शब्द गोव्यातल्या मराठीचेच आहेत, त्यांच्या जागी ‘पाववाला’ आणि ‘व्हरांडा’ घालून आपण मुलाचं घर बदलून टाकतो. क्रियापदं आणि सर्वनामं मात्र शिकवायची. त्यासाठी मी फळ्यावर दोन रकाने आखायची, एकावर ‘घरात’ आणि दुसऱ्यावर ‘पुस्तकात’. माका, मला. आसा, आहे. आमी, आम्ही. येता, येतो. चूक हा शब्द या तक्त्यात कुठेच नव्हता. मुलं स्वतःच घरचे शब्द आणून रकाना भरायची आणि दुसरा रकाना मला विचारायची. दोन भाषा अंगात असणं ही आपल्या मुलांची मिळकत आहे. बोरीचे बा. भ. बोरकर मराठीतही लिहीत आणि कोंकणीतही, आणि दोन्हीकडे त्यांना आपलं मानलं जातं. बोरकर स्वतः शाळेत शिकवायचे हेही त्या पालकांना जरूर सांगा.

ऱ्हस्व-दीर्घासाठी एका वेळी एकच गोष्ट धरा. दुसरीला एवढं पुरे: शब्दाच्या शेवटी येणारी वेलांटी आणि उकार दीर्घ. पाणी, नदी, आजी, गहू, लिंबू. अपवाद म्हणून ‘आणि’ पाठ करून घ्या. या एका नियमाने निम्म्या चुका जातात, आणि बाकीच्यांना तिसरी-चौथी आहे. भिंतीवर लावण्याआधी मुलाला जवळ बोलवा, त्याचं त्यालाच वाचायला सांगा आणि दोनच दुरुस्त्या दाखवा, तिसरी दिसली तरी सोडून द्या. दुरुस्त्या त्याच्या हाताने, त्याच्या पेन्सिलीने. आपलं लाल पेन त्या कागदाला लागता कामा नये. निबंधाच्या वहीत हवं तेवढं लागू दे, ती वही वेगळी.

पालकांनी सर्वांसमोर विचारलं, तसं तुम्हीही त्यांना सर्वांसमोर बोलवा. जूनमधला एक कागद आणि आत्ताचा एक कागद, त्यांच्याच मुलाचे, शेजारी शेजारी लावा. माझ्या अनुभवात याच्यापुढे फारसं बोलावं लागत नाही.

प्रश्न : माझी मुलगी तिसरीत आहे. वर्गात मुलं मनातलं लिहून भिंतीवर लावतात. तिने लिहिलं, ‘पप्पा आणि आई पैशांवरून भांडतात तेव्हा मी मांजरीला घेऊन न्हाणीघरात बसते.’ बाईंनी कौतुकाने तो कागद लावला आणि त्याचा फोटो पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही टाकला. मला तोंड दाखवायला जागा राहिली नाही. आता तिने हे असलं काही लिहूच नये असं वाटतं. डिचोली तालुक्यातून लिहिते आहे.

उत्तर : ताई, तुमच्या मुलीच्या बाईंनी जे केलं ते मीही केलं आहे. फोटोचा काळ नव्हता एवढंच.

मी डिचोलीत असताना सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या. माझ्या वर्गातल्या कितीतरी घरांत खनिज वाहणारे ट्रक होते, बहुतेक कर्जावर घेतलेले. पुढच्या वर्षी चौथीतल्या एका मुलाने लिहिलं, ‘आमचा ट्रक अंगणात आहे. तो आता कुठे जात नाही. त्याच्या खाली आमची कोंबडी अंडी घालते. मी रोज टायरामागे हात घालून अंडे काढतो. बँकेचा माणूस आला की आई सांगते पप्पा घरी नाही.’ माझ्या संपूर्ण नोकरीत मुलाने लिहिलेलं इतकं चांगलं मी वाचलं नव्हतं. मी तो कागद दोरीवर सगळ्यात पुढे लावला. पालकसभा होती त्या दिवशी.

दुसऱ्या दिवशी त्याचे वडील शाळेत आले. ओरडले नाहीत. माझ्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, ‘बाई, शेवटची ओळ तेवढी काढा.’ मी सगळा कागदच काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला. त्या मुलाने त्यानंतर चार-पाच महिने स्वतःचं काही लिहिलं नाही. फळ्यावरचं उतरवून घ्यायचा. ती चूक मुलाची नव्हती, वडिलांची तर नव्हतीच. ती माझी होती. मुलाने ते मला सांगितलं होतं आणि मी ते त्याला न विचारता गावाला सांगितलं.

तेव्हापासून मी प्रत्येक मुलाला कागद हातात घेऊन विचारायची, ‘लावू की ठेवू?’ ‘ठेवू’ म्हटलं तर तो कागद माझ्या टेबलाच्या खणात, आणि त्यावर मी मागच्या बाजूला उत्तर लिहून त्याला परत द्यायची. घरातल्या माणसांविषयी असेल तर मूल ‘लावू’ म्हणालं तरी मी आधी घरी विचारायची. फोटो काढून ग्रुपवर टाकणं त्याहून पुढचं. शाळेतल्या दोरीपर्यंत कोण येतं हे बाईंना माहीत असतं. ग्रुपवरचा फोटो कुणाकडे जाईल हे कुणालाच माहीत नसतं. बाईंना एकटं भेटा आणि हे शांतपणे सांगा, फोटो काढून टाकायला सांगा. त्या समजून घेतील असं मला वाटतं, कारण त्यांनी तो कागद चांगल्या मनाने लावला होता.

पण मुलीचं लिहिणं बंद करू नका, हात जोडून सांगते. तुमची मुलगी न्हाणीघरात बसते हे तुम्हाला त्या कागदाने सांगितलं. तोपर्यंत ते तुम्हाला माहीत होतं का? तिला एक लहान वही द्या. ती तुमच्या दोघींची. ती एका पानावर लिहील, तुम्ही समोरच्या पानावर उत्तर द्या. उत्तरात उपदेश नको, आणि खोटंही नको. ‘आम्ही भांडतो ते खरं आहे. पैशांची चिंता असते. मांजर न्हाणीघरात घाबरत नाही ना?’ एवढं लिहिलंत तरी पुष्कळ. ही वही तिने बोलावल्याशिवाय पप्पांनीही उघडू नये.

प्रश्न : मी काणकोणचा, वय ७१. नातू पहिलीत आहे. शाळेत म्हणे मुलांना लिहून भिंतीवर लावायला सांगतात. याला अजून जोडाक्षर येत नाही. तो काय लिहिणार? घरी मी काय करून घेऊ?

उत्तर : आजोबा, जोडाक्षराची वाट बघू नका. त्याला आज शाळेत किंवा वाटेवर काय दिसलं ते विचारा आणि तो सांगेल ते तुम्ही लिहा. त्याच्या शब्दांत, जसंच्या तसं, मध्ये सुधारणा न करता. तो ‘माकड कौलां मोडता’ म्हणाला तर तेच लिहा. मोठं, सुटं अक्षर काढा आणि शब्दांत अंतर ठेवा. मग त्याचं बोट धरून त्यालाच वाचायला लावा. स्वतःच बोललेलं असल्यामुळे तो अक्षर न ओळखताही वाचेल, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी ‘माकड’ हा शब्द तुमच्या वर्तमानपत्रातही ओळखेल.

कागदाचा वरचा अर्धा भाग चित्रासाठी सोडा. चित्र त्याने काढायचं, त्याखाली नाव त्याने घालायचं. एक ओळ पुरे, दोन झाल्या तर उत्तम. शेवटी तुम्ही एक प्रश्न लिहा, उत्तर तो उद्या सांगेल आणि तुम्ही उद्या लिहाल. तारीख मात्र रोज घाला. मी माझ्या घरच्या मुलांच्या कागदांवर ती घातली नाही, आणि आता ते कधीचे हे मला सांगता येत नाही.